जिप्सीत स्विफ्टचं डिझेल टाकायचंय? आधी चेंबरखाली झोपून टेप लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९९ ची जिप्सी किंग आहे, इंजिन धूर मारतं, पिकअप गेलाय, पेट्रोलचा खर्च झेपत नाही. अपघातात चेपलेल्या स्विफ्टचं १.३ डिझेल इंजिन भंगारात मिळतंय. ते टाकून गाडी पावसाळ्यात शेताच्या वाटांवर आणि सातपुड्याच्या चढांवर चालवायची आहे. बसेल का, आणि त्रास कुठे होईल?

बसेल. आपल्याकडे जीपमध्ये काय काय बसलेलं नाही! ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये ही तर महिंद्राचीच जुनी चाल. इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल त्यांनी स्वतःच्याच जीपला दिलं होतं. ॲम्बेसेडरचं इसुझू इंजिन महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये टाकून फिरणारेही विदर्भात सापडतील. पण ती इंजिनं साधी होती. गाडीच्या लांबीत बसणारी, एक-दोन वायरींवर चालणारी, कोणत्याही मिस्त्रीला कळणारी. स्विफ्टचं इंजिन वेगळ्या जातीचं आहे. ते गाडीत आडवं बसतं, पुढची चाकं ओढायला बनलंय आणि कॉम्प्युटरने हो म्हटल्याशिवाय एक ठोका देत नाही. त्रास जो आहे तो या तीन गोष्टींमधून येतो. इंजिन क्रेनला लटकवून खोबणीत उतरवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, आणि पोट्टे नेमका त्याचाच फोटो काढतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल तर हे काम करू नका. कारण यांत्रिक नाही, कागदाचं आहे, त्यावर खाली येतोच. गाडी शेतावर, खाजगी जागेत किंवा ट्रेलरवर नेऊन बंदिस्त ट्रॅकवरच चालवणार असाल तर पुढचं वाचा.

जिप्सीची एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. तिची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा आणि ‘लो’ गिअर देणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. ती वेगळी, चेसिसवर तीन रबरांवर टांगलेली असते आणि मधे एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे गिअरबॉक्स इंच-दोन इंच मागेपुढे झाला तरी छोटा शाफ्ट कमी-जास्त लांबीचा करून भागतं. याच कारणामुळे जगभर या गाडीत इंजिनं बदलली जातात. अमेरिकेत ही गाडी सामुराई म्हणून विकली गेली आणि तिच्यात फोक्सवॅगनचं डिझेल बसवायला तयार अडॅप्टर किट मिळतात. सुझुकीने स्वतः युरोपात जिम्नीला रेनोचं १.५ लिटर डिझेल दिलं होतं. म्हणजे छोट्या सुझुकीत छोटं डिझेल ही कल्पना वेडी नाही. फरक इतकाच की स्विफ्टच्या इंजिनासाठी दुकानात जाऊन उचलावं असं किट मला आपल्या बाजारात दिसलेलं नाही. ते नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवर बनवून घ्यावं लागतं.

आणि खरा खेळ तिथे आहे. स्विफ्टचा स्वतःचा गिअरबॉक्स आडव्या इंजिनाचा, त्याचा इथे उपयोग शून्य. जिप्सीचाच गिअरबॉक्स ठेवायचा आणि दोघांच्या मधे प्लेट टाकायची. प्लेटच्या एका बाजूला इंजिनचे बोल्ट, दुसऱ्या बाजूला जिप्सीच्या बेलहाउजिंगचे (क्लचवरचं घंटेसारखं कव्हर). लेथवाला म्हणेल, भोकं जुळली की झालं. तसं नसतं. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे, आणि ते डोळ्यांनी कळत नाही.

तपासायची पद्धत अशी. गिअरबॉक्स बाजूला ठेवा. प्लेट आणि रिकामं बेलहाउजिंग इंजिनवर कसा. फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक स्टँड उभा करून डायल गेजचं टोक बेलहाउजिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. मग एकाने पाना लावून क्रँक हळूहळू पूर्ण फेरी फिरवायची आणि दुसऱ्याने काट्यावरून नजर हलवायची नाही. पूर्ण फेरीत काटा दहा घरांच्या, म्हणजे ०.१० मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. पंधरा घरं ही माझ्या लेखी शेवटची हद्द. तीस-चाळीस घरं फिरला तर प्लेटच्या डॉवेल पिना काढून जागा सरकवायची आणि परत मोजायचं. अर्धा दिवस यात जातो. कंटाळून सोडून दिलं की क्लच सोडताना गाडी थरथरते, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग वाजायला लागतं, शेवटी चौथा गिअर आपोआप बाहेर येतो. आणि मालक म्हणतो, जिप्सीचा गिअरबॉक्सच कमजोर.

प्लेटची जाडीही अशीच जपून ठरवा. जाड झाली तर इनपुट शाफ्टचं टोक त्याला क्रँकमध्ये आधार देणाऱ्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचत नाही, पातळ झाली तर क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या बाजूला घासते. आडव्या इंजिनांच्या क्रँकमध्ये पायलट बेअरिंगची जागा बहुधा नसतेच, कारण त्यांच्या गिअरबॉक्सला ती लागत नाही. तेव्हा फ्लायव्हीलच्या मध्यात बसणारा बुश वेगळा बनवावा लागतो. स्टार्टरची जागा, रिंग गिअरचे दात, क्लचची स्प्लाइन हे सगळं याच टप्प्यावर कागदावर काढा. फ्लायव्हील मशीन करून घेतलं तर बॅलन्स करूनच बसवा.

आता चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी. जिप्सीला पुढे अखंड ॲक्सल आहे, पाट्यांवर. खड्ड्यात चाक वर आलं की ॲक्सलचं हाउजिंगही वर येतं. स्विफ्टमध्ये इंजिनखाली असं काही वर येणारं नसतं, त्यामुळे तिचं ऑइल चेंबर कसंही खोल असलं तरी चालतं. तुमच्याकडे ते थेट हाउजिंगवर आपटेल. म्हणून इंजिन टेकवून खुणा करताना गाडी सपाट फरशीवर उभी असून चालत नाही. बम्प स्टॉपपर्यंत (चाक वर येण्याची हद्द ठरवणारं रबर) पुढचे पाटे दाबून, एकदा डावं चाक वर आणि एकदा उजवं चाक वर घेऊन अंतर बघा. बम्प स्टॉपला लागल्यावरही चेंबर आणि हाउजिंगमध्ये दोन बोटं जागा उरली पाहिजे. इंजिन वर उचलून जागा काढली तर बॉनेट लागतं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. मागे सरकवलं तर फायरवॉल. बहुतेक वेळा चेंबर कापून, खोल भाग मागे नेऊन नवीन बनवावं लागतं आणि ऑइल ओढणारी नळीही तिकडे न्यावी लागते.

हे चेंबरचं काम बहुतेक जण जागेसाठी करतात. मी ते ऑइलसाठी करा म्हणतो. स्विफ्ट चढावर गेली की तिचं इंजिन क्रँकच्या आडव्या दिशेने कलतं. तेच इंजिन जिप्सीत लांबीत बसवलं की चढावर ते क्रँकच्या दिशेने, फ्लायव्हीलकडे कलतं. सगळं ऑइल मागे जातं. नळी पुढे राहिली असेल तर तीस-पस्तीस अंशांच्या चढावर, नेमकी पूर्ण ताकद मागताना, पंप हवा ओढतो. आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग क्रँकची. चेंबरमध्ये आडवे पत्रे टाकून ऑइल नळीभोवती अडवून धरा, आणि ऑइल प्रेशरचा काट्याचा मीटर लावा. दिवा पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. डिपस्टिकच्या खुणाही नव्याने मारा. इंजिनचा कल बदलला की जुन्या खुणा खोटं बोलतात.

याच्याच पोटात दुसरा धोका आहे, जो पेट्रोलवाल्यांना माहीत नसतो. गाडी खूप कलली किंवा आडवी झाली की ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरतं. डिझेल इंजिनाला ते इंधनच. किल्ली काढली तरी इंजिन बंद होत नाही, स्वतःचंच ऑइल जाळत आवाज चढत जातो आणि फुटल्यावरच थांबतं. म्हणून ब्रीदरला ऑइल अडवणारा डबा (कॅच कॅन) लावा आणि हवेच्या वाटेत हाताने बंद करायची फडफडी बसवा, तिची वायर डॅशबोर्डपर्यंत आणा. तसा प्रसंग आलाच तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून क्लच सोडायचा. उघड्या इनटेकवर हात ठेवायचा विचारही करू नका.

ताकदीचं बोलू. कागदावर सौदा गोड दिसतो. एमपीएफआय, म्हणजे नंतरच्या इंजेक्शनवाल्या, जिप्सीचा टॉर्क १०३ न्यूटन मीटरच्या आसपास, तोही ४५०० आरपीएमला. तुमच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा आकडा आजच्या हालतीत विचारूच नका. १.३ डिझेलचा १९०, तोही २००० ला. जवळजवळ दुप्पट. आता जिप्सीचा पहिला गिअर ३.६५, ट्रान्सफर केसचा लो २.२७, ॲक्सलमधलं क्राउन-पिनियन ३.९, गुणाकार साधारण ३२ येतो. म्हणजे लोमध्ये ॲक्सलवर आधी जास्तीत जास्त ३३०० न्यूटन मीटर जात होते, ते आता सहा हजारांवर जातील. पुढच्या चाकातले सीव्ही जॉइंट (वळतानाही चाक फिरवणारे सांधे) आणि मागचे ॲक्सल शाफ्ट हे ८० हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी बनलेत. त्यात तुम्ही मोठे टायर टाकणारच, सगळेच टाकतात. चाक खडकात अडकलेलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि पायाखाली टर्बो: जॉइंट तिथेच तुटतो. ट्रान्सफर केसची तीन रबरंही त्याच हिशेबाने नवीन, कडक टाका. जुनी फाटली की केस पिळते आणि तिचे कान तडकतात.

बरं, ही दुप्पट ताकद हवी तेव्हा मिळते का? ज्यांनी जुनी स्विफ्ट डिझेल चालवलीय त्यांना ठाऊक आहे, १८०० च्या खाली त्या इंजिनात फारसा जीव नाही. मूळ मापाच्या टायरवर, पहिल्या लोमध्ये २००० आरपीएम म्हणजे गाडी ताशी सात-आठ किलोमीटरने चाललीय. खडकावरून आपण जातो तीन-चारने. म्हणजे जिथे नाजूक काम आहे तिथे टर्बो झोपलेला आणि तुमच्याकडे फक्त सव्वा लिटरचं बिनटर्बोचं डिझेल. कॉम्प्युटर आयडल सांभाळतो म्हणून ते पटकन बंद पडत नाही, हे मान्य. पण पाय जरा जास्त पडला की टर्बो एकदम जागा होतो आणि गाडी दगडावरून उडी मारते. महिंद्राच्या जीपमधलं जुनं पेजो डिझेल जसं न बोलता चढत जातं तसं हे जात नाही. उपाय पायात आहे, थोडा ॲक्सिलरेटरच्या मॅपिंगमध्ये. लांबच्या चढांवर मात्र, जिथे गाडी चालती राहते, हेच इंजिन मजा आणेल. रस्त्यावर ८० ला ते २७००-२८०० आरपीएमवर असेल, आवाज येईल पण त्रास नाही.

आपल्या काळ्या मातीत मामला उलटा होतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर जिंकतं ते वेगाने फिरणारं चाक, कारण टायरच्या खाचांत भरलेला चिखल फेकला गेला नाही तर टायर गुळगुळीत होतो. दुसऱ्या लोमध्ये पेट्रोल इंजिन सहा हजारांपर्यंत ओरडत चाक चाळिशीच्या वेगाने फिरवतं. डिझेलचा दम तिशीच्या थोडं पुढे संपतो. शिवाय जिप्सीचं मूळ इंजिन ॲल्युमिनियमचं, स्विफ्टच्या डिझेलचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, वर टर्बो आणि त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर. जिप्सीचं सगळं नाव तिच्या हलक्या नाकावर आहे. ते नाक जड केलं की चिखलात ती आधी पुढून बसते. पुढचे पाटे बदलून गाडीची उंची परत मिळते, हलकेपणा नाही.

गरमीबद्दल नागपूरवाल्याला काय सांगायचं. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. अशा हवेत लो गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, पंखा ओढेल तेवढीच हवा. त्यात तुम्ही रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर उभा करणार, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा. इंटरकूलर शक्यतो बाजूला बसवा. रेडिएटर मोठ्या कोअरचा घ्या, त्याला पूर्ण झाकणारा श्राउड आणि दोन इलेक्ट्रिक पंखे लावा. पंखे कॉम्प्युटर चालवेलच, पण एक स्विच हाताशी ठेवा. पाण्यात उतरताना पंखे बंद करावे लागतात, नाहीतर पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसतात. आणि एप्रिल-मेमध्ये तपासल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका. डिसेंबरात कोणतीही गाडी थंड राहते.

वायरिंगमध्ये माझा सल्ला एकच: सुटं इंजिन घेऊ नका, शक्य असेल तर आख्खी चेपलेली गाडी घ्या. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याच गाडीची किल्ली, इमोबिलायझर (चोरी अडवणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप), ॲक्सिलरेटरचं पेडल (त्याला केबल नसते, सेन्सर असतो), पूर्ण वायरिंग, डिझेल फिल्टर, टाकीतला पंप, सगळं एकाच गाडीचं हवं. एका गाडीचा ईसीयू आणि दुसरीची किल्ली असेल तर स्टार्टर फिरेल, इंजिन पकडणार नाही. इंजिन उतरवण्याआधी ते त्याच गाडीत चालू करून बघा. अपघाती गाडी चालू होत नसेल तर तो तुमचा पहिला इशारा समजा. जिप्सीत बसवल्यावर चेसिसला वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचे सॉकेट काढून ठेवा. पेट्रोलची टाकी आणि लाइन वापरणार असाल तर आतून पूर्ण साफ करा आणि परतीची लाइन वेगळी टाका. या इंजिनाच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनवर पाइपचा नट सैल करून ‘हवा काढायची’ जुनी सवय इथे बोटाचा जीव घेते. फवारा कातडीतून आत शिरतो. एक गोष्ट आयती मिळते: ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम. डिझेलच्या मॅनिफोल्डमधून तो मिळत नाही, पण या इंजिनावर व्हॅक्यूम पंप आहे. त्याची नळी फक्त नीट जोडा.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. बॅटरी, सीएनजी, एलपीजी यांच्या मान्यताप्राप्त किटला त्यात वाट आहे. पेट्रोलचं डिझेल करायला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमची गाडी एमएच-३१ असो, ४० असो की ४९, आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, इंजिन नंबरही दुसरा. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटलीत, म्हणजे पुनर्नोंदणीला ती आरटीओसमोर उभी करावीच लागते, आणि तिथे बॉनेट उघडतंच. विम्याचं तर बोलायलाच नको. अपघातात समोरच्याला लागलं तर कंपनी पहिलं हेच शोधेल. ‘एजंट करून देतो’ म्हणणारा भेटेल. तो पैसे घेऊन जाईल आणि आरसी तुमच्या नावावर राहील. इंजिन भंगारातून घेताना मूळ गाडीचे कागद आणि बिल मागा. चोरीच्या गाडीचा नंबर तुमच्या चेसिसमध्ये सापडणं हा वेगळाच ताप.

खर्चाचं विचारलंत म्हणून: इंजिनाला जेवढे द्याल त्याच्या दुप्पट प्लेट, फ्लायव्हील, चेंबर, शाफ्ट, रेडिएटर आणि वायरिंगवर जातील असं धरून चला. डिझेलमध्ये वाचणारे पैसे हौशी वापरात ते कधी भरून काढणार नाहीत.

तुमच्या जागी मी आधी आहे ते इंजिन तपासलं असतं. कॉम्प्रेशन गेज लावा, इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. चौदा किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास चांगलं, बाराच्या खाली गेलं तर काम आहे, आणि चार सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा-बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हे इंजिन बांधणारे मिस्त्री नागपुरात कमी नाहीत. पेंच, ताडोबा, उमरेड-करांडल्याच्या सफारीमुळे जिप्सीचे पार्टही अजून मिळतात. चांगलं बांधलेलं १.३ पेट्रोल आणि कमी रेशोचे ट्रान्सफर केस गिअर, एवढ्यात तुमचे चढ निघतील आणि नंबर प्लेटलाही हात लागणार नाही.

तरी डिझेलच करायचं ठरलं, तर चारही सिलिंडरचे आकडे, आणि पुढचे पाटे पूर्ण दाबलेले असताना हाउजिंगच्या माथ्यापासून आताच्या चेंबरपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंचं, मोजून कळवा. स्विफ्टचं चेंबर किती कापावं लागेल ते त्यावरून सांगता येईल. इंजिनाचा सौदा तोवर थांबवा.